अभ्यासाला जागा कुठे आहे?



गेल्या डिसेंबरातली गोष्ट सांगतो. रात्रीचे अकरा वाजून गेले होते. जेवणे आटोपली, अंथरुणे पडली आणि नात कुठे दिसेना. सूनबाई म्हणाली, “आत्ता तर इथेच होती.” मी चपला घालून बाहेर आलो. लिफ्टच्या बाजूचा जड दरवाजा ढकलला, तर जिन्याच्या वळणावर पोर बसलेली. मांडीवर रसायनशास्त्राचे पुस्तक, शेजारी पाण्याची बाटली. समोर वॉचमन उभा. तो तिला अगदी सौम्यपणे सांगत होता, “बेटी, इथे बसायला मनाई आहे. आग लागली तर लोक याच जिन्याने उतरणार.”

वॉचमनचे काही चुकले नव्हते. पोरीचेही चुकले नव्हते. बारावीची परीक्षा दोन महिन्यांवर आली होती. घरात आम्ही सहा माणसे. मुलाला पहाटेची पाळी असते, म्हणून तो दहालाच दिवा मालवतो. माझी थोरली बहीण, म्हणजे ताई, आजारपणामुळे आतल्या खोलीत झोपते. पाचशे चौरस फुटांचे घर आम्हाला राजवाड्यासारखे वाटते, आणि १६० चौरस फुटांत जन्म काढलेल्याला ते वाटणारच! पण त्या राजवाड्यात अभ्यासाला कोपरा नव्हता.

मी नातीला घरात आणले. ताई जागीच होती. ती एवढेच म्हणाली, “हिलापण जिन्यातच बसवलं का रे?”

त्या एका वाक्याने मला झोप लागली नाही. का ते सांगायचे तर थोडे मागे जावे लागेल.

आम्ही वरळीच्या बीडीडी चाळीतले. साहेबाच्या राज्यात, १९२० नंतरच्या चार-पाच वर्षांत, मुंबईच्या विकास खात्याने या चाळी बांधल्या. त्या खात्याच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे म्हणजे बीडीडी. वरळीत १२१, नायगावला ४२, ना. म. जोशी मार्गावर ३२ आणि शिवडीला १२, अशा एकूण २०७ चाळी. तळमजला अधिक तीन मजले, एका मजल्यावर वीस खोल्या, एका चाळीत ऐंशी. मधून एक लांब बोळ आणि दोन्ही बाजूंना दहा-दहा दरवाजे. बोळाच्या टोकाला जेवढा उजेड येईल तेवढाच. मधल्या भागात भर दुपारी माणूस ओळखू येत नसे. संडास सामाईक. बांधणाऱ्याने गिरणीतला मजूर रात्री कुठे झोपेल याचा विचार केला होता. मजुराचे पोर कुठे वाचेल, हा विचार त्या नकाशात नव्हता.

तरीही पोरे शिकली. कारण माणसांनी त्या बोळाला बोळ राहू दिले नाही. कुणी तिथे निवडणे-टिपणे करी, कुणी बाळाला पाय पसरून न्हाऊ घाली, म्हातारी माणसे सुपारी कातरीत. ताई जिन्याजवळच्या बल्बखाली गोणपाट टाकून अभ्यास करी. ती माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. अक्षर मोत्यासारखे. गणितात तिचा हात धरणारे चाळीत कुणी नव्हते. बाबा रात्रपाळीला निघताना तिच्यापाशी थांबत, पाढा विचारत आणि मगच जिना उतरत.

मग १९७४ साल उजाडले. जानेवारीच्या ५ तारखेला आमच्या मैदानात दलित पँथरची सभा झाली. दगड आले, पोलीस आले, आणि पाहता पाहता चाळी चाळींवर उठल्या. १० तारखेला परळला मोर्चावर दगड पडला आणि भागवत जाधव शहीद झाले. पुढे कित्येक महिने वरळी आणि नायगाव धुमसत राहिले. सरकारने न्यायमूर्ती भस्मे यांचा चौकशी आयोग नेमला. हा इतिहास आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. मी तेव्हा जेमतेम अकरा वर्षांचा होतो. मला मोर्चापेक्षा आमच्या बोळातला बल्ब जास्त आठवतो. तो पहिल्याच आठवड्यात फुटला. कुणी फोडला कळले नाही. पुन्हा लावावा तर पुन्हा फुटे, शेवटी कुणी लावेना. संध्याकाळ झाली की आया दाराला आडणे लावीत. ताईला आईने जिन्यात बसू देणे बंद केले. खोलीत आम्ही आठ माणसे, रॉकेलची चिमणी, धूर आणि धास्ती. त्या वर्षी ताई आठवीत नापास झाली. पुढच्या वर्षी तिचे नाव शाळेतून काढले. दंगलीत मेलेल्यांची नोंद झाली. ज्यांची शाळा दंगलीने नेली त्यांची नोंद कुठल्या आयोगाच्या अहवालात सापडणार?

आमची वस्तीही तेव्हा दुभंगली. एरवी एकाच नळावर भांडणारी आणि एकाच मैदानात खेळणारी आम्ही पोरे. नंतर ‘आमची चाळ’ आणि ‘त्यांची चाळ’ झाली. मधे रस्ता होता वीस पावलांचा, पण तो ओलांडताना छाती धडधडे. समोरच्या चाळीतला माझा एक वर्गमित्र होता. त्याचेही वडील गिरणीत, माझेही. दोघांचे मिळून एक बॅट आणि दीड चेंडू. दंगलीनंतर आम्ही चार वर्षे एकमेकांशी बोललो नाही.

आम्हाला पुन्हा बोलते केले ते एका दिव्याच्या खांबाने.

वरळी नाक्याजवळच्या सुदाम काळू अहिरे मार्गाला आजही लोक ‘अभ्यास गल्ली’ म्हणतात. रहदारी कमी, रस्त्याला झाडे, चालत जाण्याच्या अंतरावर चाळी आणि म्युनिसिपालिटीचे दिवे. बस्स, एवढेच तिचे भांडवल. चाळीतली पोरे रात्री तिथे सतरंजी, पुठ्ठा, नाहीतर जुना पेपर टाकून बसत. प्रत्येक टोळक्याचा खांब ठरलेला. आमच्या चाळीचा खांब एका टोकाला, त्यांचा पलीकडे. मी दहावीला होतो. एका रात्री त्यांच्या खांबावरचा दिवा गेला. तो वर्गमित्र वह्या घेऊन थोडा वेळ अंधारात उभा राहिला. मग मुकाट्याने आमच्या खांबाखाली, अगदी कडेला येऊन बसला. कुणी काही बोलले नाही. पण खांबाखालचा उजेड तो केवढासा! कडेला बसून अक्षर दिसेना. दोन-तीन दिवसांत त्याला आत सरकावे लागले आणि आम्हाला जागा द्यावी लागली. आठवडाभराने त्याने माझ्या वहीत डोकावून भूमितीचे रायडर विचारले. मी सांगितले. त्यानंतर परीक्षेपर्यंत आम्ही एकाच खांबाखाली बसलो. आमचे भांडण कुणी नेत्याने मिटवले नाही की शांतता कमिटीने. उजेड थोडा होता, गरज दोघांची होती आणि बसायची जागा एकच होती.

मी पुढे एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ट्रेसर म्हणून लागलो आणि निवृत्तीपर्यंत लोकांच्या बंगल्यांचे नकाशे गिरवले. तो रेल्वेत गेला. अभ्यास गल्लीने आम्हा दोघांनाही उभे केले. पण ही गोष्ट सांगताना मी एक बाब नेहमी गाळत आलो. त्या गल्लीत रात्री एकही मुलगी नसायची. गल्ली मला मिळाली, ताईला मिळाली नाही. अलीकडे महापालिकेने त्या गल्लीत बसायची आणि दिव्यांची सोय केली, हे चांगलेच झाले. पण परक्या रस्त्यावर रात्री अकरा वाजता आपल्या मुलीला बसू देणारे आईबाप आजही किती आहेत, हे ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे.

आता चाळींचा पुनर्विकास चालू आहे. १४ ऑगस्ट २०२५ ला वरळीतल्या पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या दिल्या गेल्या. आम्ही त्यात होतो. चाळीस मजल्यांचे टॉवर, सोडतीने मिळालेले मजले. ज्या चाळींची पोरे एकमेकांवर दगड मारीत, त्यांची नातवंडे आज एकाच लिफ्टमधून वर जातात. योगायोग असा की माझा तो वर्गमित्रही आमच्याच इमारतीत आला. पण लिफ्टमध्ये माणसे एकमेकांच्या तोंडाकडे पाहत नाहीत, आकड्यांकडे पाहतात. चाळीत दार लावले की लोक विचारीत, “काय झाले?” इथे दार उघडे ठेवले की विचारतात. पूर्वी मधे वीस पावलांचा रस्ता होता, आता दीड इंची लाकडी दार आहे, एवढाच फरक.

माझी धाकटी मुलगी आर्किटेक्ट आहे. जिन्यातली हकिगत तिला सांगितली, तेव्हा तिने मला दूरच्या एका शहराची माहिती दिली. दक्षिण अमेरिकेत कोलंबिया नावाचा देश आहे, त्यात मेडेयीन हे शहर. १९९१ च्या सुमारास तिथे दर लाख वस्तीमागे वर्षाला साडेतीनशेहून अधिक खून होत. श्रीमंत खाली दरीत राहत आणि गरीब वर डोंगरावर, आपल्याकडच्या घाटकोपर-विक्रोळीच्या टेकड्यांवर राहतात तसे. २००४ ते २००७ या काळात सेर्हियो फाहार्दो नावाचा गणिताचा प्राध्यापक तिथे महापौर होता. त्याने धोरण असे ठरवले की, शहरातल्या सर्वांत देखण्या इमारती सर्वांत गरीब वस्त्यांत बांधायच्या. डोंगरावर जायला २००४ मध्ये तारेवरून चालणारे पाळणे सुरू झाले, तेही शहराच्या मेट्रोला जोडून. वर वाचनालये उभी राहिली, त्यांच्याभोवती बागा. शहराची स्वतःच्या मालकीची वीज कंपनी आहे, तिच्या नफ्यातला वाटा या कामांना मिळाला. आणि कामे ठरवण्याआधी वस्तीतल्या लोकांना बसवून, त्यांच्याकडूनच चित्रे काढून घेतली की तुम्हाला इथे काय हवे.

त्यातली एक गोष्ट मला फार लागली. आंदालुसिया आणि ला फ्रान्सिया अशा दोन वस्त्या. मधे ओढ्याची घळ. दोन्हीकडे वेगवेगळ्या टोळ्या, त्यामुळे इकडचा माणूस तिकडे जात नसे. तिथे पादचाऱ्यांसाठी पूल बांधला. पूल साधाच, पण त्यावर थांबायला, खाली पाहायला, उभे राहून बोलायला जागा ठेवली. पुलाने टोळ्या नाहीशा झाल्या असे कुणी म्हणू नये. खून कमी व्हायला इतरही पुष्कळ कारणे होती. पण पलीकडे जायला वाट झाली, आणि वाट असली की कुणीतरी पहिले पाऊल टाकतेच.

त्याच शहरातली दुसरी गोष्टही मुलीने लपवली नाही. सांतो दोमिंगो वस्तीत २००७ मध्ये काळ्या शिळांसारखे दिसणारे मोठे वाचनालय उभे राहिले. जगभर त्याचे फोटो छापून आले. पण बांधकामातल्या दोषांमुळे २०१५ मध्ये ते बंद करावे लागले आणि पुढे कित्येक वर्षे वस्तीतल्या पोरांसमोर नुसता सांगाडा उभा होता. म्हणजे नारळ फोडून भागत नाही. भिंत टिकली पाहिजे, दिवा लागला पाहिजे, दार उघडले पाहिजे, तेही रोज.

आपल्याला हे नवीन आहे का? बाबासाहेब परळच्या बीआयटी चाळीत राहिले. जागेच्या टंचाईत अभ्यास म्हणजे काय, हे त्यांच्याइतके कुणाला ठाऊक! पुढे त्यांनी दादरच्या हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ बांधले ते ग्रंथांसाठी. औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय काढताना नुसत्या वर्गखोल्यांवर ते थांबले नाहीत, खेड्यातून येणाऱ्या पोराला राहायला वसतिगृह लागेल हेही त्यांनी पाहिले. शिक्षणाला फी लागते, पुस्तक लागते, तशी जागाही लागते, हा धडा त्यांनी आपल्याला विटा-चुन्यात घालून दिला आहे.

तर आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर सामाईक वापराचा एक हॉल आहे. हळदीकुंकू, बारसे, मीटिंग असली की उघडायचा, एरवी कुलूप. रहिवाशांच्या बैठकीत मी उठून म्हणालो, “हा हॉल संध्याकाळी सहापासून रात्री बारापर्यंत अभ्यासिका करू.” पाच मिनिटे सगळे ‘वा वा’ म्हणाले. मग एकेक प्रश्न निघू लागला. विजेचे बिल कोण भरणार? मुले-मुली एकत्र बसणार का? बाहेरची पोरे घुसली तर? आणि मग तो प्रश्न आला, ज्याची मी वाट पाहत होतो. भिंतीवर फोटो कुणाचा लावायचा?

बघता बघता बैठकीचे दोन भाग झाले. अगदी १९७४ सारखे, फक्त आता खाली प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या. आमच्यातला एक तरुण म्हणाला, “अभ्यासिका असेल तर बाबासाहेबांचाच फोटो हवा.” समोरून आवाज आला, “मग आम्ही काय फक्त बिल भरायचे?” मीही तावातावाने उठलो. तेवढ्यात मागे बसलेली ताई काठी टेकत उभी राहिली. ती बैठकीत कधी बोलत नाही. म्हणाली, “फोटो कुणाचाबी लावा. आंधारात तो दिसायचा न्हाई. आधी ट्यूब लावा. माझा बल्ब फुटला तवा कुणी नवा लावला न्हाई, म्हनून मी आठवीत राह्यले.”

हॉलमध्ये चिडीचूप झाले. माझा तो वर्गमित्र उठला आणि म्हणाला, “ट्यूबांचे पैसे माझे.” ठराव झाला तो तीन महिन्यांपुरता, परीक्षा संपेपर्यंत. फक्त इमारतीतल्या मुलांसाठी. फोटोचा विषय पुढच्या बैठकीवर.

मुलगी टेप घेऊन आली आणि हॉल मोजून गेली. तिने सुचवलेल्या गोष्टी खर्चिक नव्हत्या, पण मी चाळीस वर्षे नकाशे गिरवूनही मला त्या सुचल्या नसत्या. दाराच्या लाकडी फळीच्या जागी काच बसवली, म्हणजे जाता-येता कुणालाही आत दिसते. मुलींच्या आयांची निम्मी काळजी त्या काचेनेच मिटली. ट्यूब अशा लावल्या की वहीवर आपल्याच डोक्याची सावली पडू नये. एका बाजूला भिंतीकडे तोंड करून एकेकट्याने बसायची जागा, दुसऱ्या बाजूला एक लांब टेबल, जिथे हळू आवाजात एकमेकांना विचारता येते. ती म्हणाली, “बाबा, तुमच्या खांबाखाली जे झाले ते या टेबलावर होईल. सगळ्यांना वेगळे बसवले तर होणार नाही.” टेबलाला लाकूड कुठले? चाळ सोडताना पोटमाळ्याच्या फळ्या मी टाकवेनात म्हणून आणल्या होत्या. वर्गमित्रानेही त्याच्या आणल्या होत्या. सुताराने रंधा मारून दोन्हींचे मिळून एक टेबल केले. फळ्यांची जाडी सारखी नव्हती, त्यामुळे मधे थोडी उंची-खोली राहिली. पोरे तिथे पट्टी ठेवत नाहीत.

रोज रात्री दोन वडीलधाऱ्यांची पाळी असते. आम्ही नियम असा केला की, पाळीवरचे दोघे जुन्या एकाच चाळीतले नसावेत. सुरुवातीला सात मुले यायची, फेब्रुवारीत बावीस झाली. त्यात नऊ मुली. माझी नात लांब टेबलावर बसते. वर्गमित्राचा नातू तिच्याकडून रसायनशास्त्र समजावून घेतो. आम्ही दोघे म्हातारे दाराशी बसून पेपर वाचतो आणि अधूनमधून जांभया देतो.

सगळे गोड झाले असे मी सांगणार नाही. भिंत अजून कोरी आहे. तिच्यावर तूर्त मुलांनी चिकटवलेले परीक्षेचे वेळापत्रक आहे. बाबासाहेबांचा फोटो तिथे लागावा ही माझी इच्छा मी लपवत नाही, आणि तो सगळ्यांच्या हाताने लागावा ही त्याहून मोठी इच्छा आहे. दुसरे दुखणे अधिक खरे आहे. अजून ज्यांच्या चाळी पाडायच्या आहेत, त्या चाळींतली दोन-तीन पोरे रात्री आमच्या गेटपाशी येऊन काचेतून आत पाहतात. ठरावाप्रमाणे त्यांना आत घेता येत नाही. काल-परवापर्यंत ज्या बोळात आम्ही राहत होतो, त्याच बोळातली ही पोरे. पुढच्या बैठकीत हा विषय मीच मांडणार आहे. भांडण होईल. होऊ द्या.

बंधू-भगिनींनो, आज मुंबई-पुण्यात आपल्या कितीतरी वस्त्यांचा पुनर्विकास होतो आहे. बैठकीत आपण विचारतो की चौरस फूट किती, भाडे किती, पार्किंग कुणाला. हे विचारायलाच हवे. पण नकाशावर सही करण्याआधी आणखी एक प्रश्न विचारा : आमच्या पोरांना, आणि विशेषतः पोरींना, रात्री बसून वाचायची जागा यात कुठे आहे? ती तळघरात नको, गच्चीवरच्या पत्र्याखाली नको. येता-जाता दिसेल अशी हवी, पुरेशा उजेडाची हवी आणि जवळ संडास हवा. नकाशा कागदावर असतो तोवर रेघ खोडता येते. काँक्रीट ओतल्यावर भिंत फोडावी लागते. आणि इमारत आधीच उभी असेल, तर कुलूप लावलेला हॉल शोधा. विहाराच्या खोलीचे दार संध्याकाळी उघडा.

परवा रात्री माझी पाळी होती. बारा वाजता मी दिवे मालवायला उठलो, तर ताई लांब टेबलापाशी बसलेली. झोप येत नव्हती म्हणून ती खाली आली होती. समोर नातीची जुनी आठवीची गणिताची वही. म्हणाली, “पाच मिनिटं थांब. एवढं एक होतंय माझं.”

मी थांबलो.

जयभीम.